बँकेनं ताब्यात घेतलेला, जवळपास नवा डुप्लेक्स. कागद अपुरे, वॉरंटी एकही नाही. घ्यावा का? (वडोदरा, भायली)

अकोटा_गार्डन
नमस्कार मंडळी. भायलीत एक डुप्लेक्स बँकेच्या लिलावात निघाला आहे. आधीच्या मालकाचं कर्ज थकलं आणि बँकेनं घर ताब्यात घेतलं. आम्ही आतून पाहून आलो. तीन बेडरूम, मॉड्युलर किचन, गच्चीवर सोलर, अंगणात भूमिगत टाकी. वरच्या खोल्यांतल्या कपाटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, इतकं नवं. राखीव किंमत ५८ लाख. त्याच रांगेतल्या घरासाठी दलाल ७५ च्या खाली बोलायला तयार नाहीत.

अडचण कागदांची आहे. बँकेच्या फायलीत आधीच्या मालकाचा नोंदणीकृत दस्तावेज आहे, बाकी फारसं काही नाही. मंजूर नकाशा नाही, बीयू परमिशनची (इमारत वापरायच्या परवानगीची) प्रत नाही, बिल्डरचं अलॉटमेंट लेटर नाही, पझेशन लेटर नाही, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट नाही. सोलर, पंप, किचन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यांपैकी कशाचंही वॉरंटी कार्ड नाही. बँकेचे अधिकारी नम्रपणे एवढंच सांगतात, की विक्री ‘जसं आहे जिथं आहे’ या अटीवर आहे.

सासरे म्हणतात, कागद नसलेलं घर फुकट मिळालं तरी घेऊ नये. यजमान म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. दोघांचंही मला पटतं. ज्यांनी असं घर घेतलंय किंवा जे या कामात आहेत त्यांनी कृपया सांगावं. हे कागद पुन्हा उभे करता येतात का? आणि वॉरंटी गेली ती गेलीच का?

शेवउसळ_जादा_तर्री
ताई, ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक? एवढं आधी सांगा.

अकोटा_गार्डन
प्रत्यक्ष. दाराला बँकेचं सील आहे, किल्ली त्यांच्याकडे आहे. त्यांच्याच माणसानं उघडून दाखवलं.

शेवउसळ_जादा_तर्री
मग मोठा धोका टळला. सांकेतिक ताबा म्हणजे दारावर नोटीस चिकटवलेली आणि आत माणसं राहताहेत. पैसे आपण भरायचे आणि घर रिकामं होण्याची वाट बघायची. तसं घर निम्म्या भावात मिळालं तरी मी घेणार नाही.

निवृत्त_बँकवाला
वसुली विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतो. खातं एनपीए (थकीत) झालं की बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. पैसे आले नाहीत तर ताबा. प्रत्यक्ष ताबा बहुतेक वेळा जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं घेतात, त्यावेळी पंचनामा होतो आणि घरातल्या वस्तूंची यादी केली जाते. या दोन्हीच्या प्रती मागा. घरात जुन्या मालकाचं फर्निचर असेल तर ते विक्रीत आहे की नाही, हे त्या यादीवरून कळतं. तुमच्या मॉड्युलर किचनलाही हे लागू आहे.

पैशांचं वेळापत्रक कडक असतं. बोली तुमच्या नावावर लागली की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी संमतीनं मुदत वाढते, पण ३ महिन्यांच्या पुढे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त होतात. तेव्हा गृहकर्ज काढायचं असेल तर मंजुरी बोलीच्या आधी हातात हवी. बोली लागल्यावर कर्जासाठी धावपळ सुरू करणाऱ्यांची २५ टक्के रक्कम गेलेली मी पाहिली आहे आणि ते बघवत नाही.

जुना मालक पैसे भरून घर सोडवून नेईल का, ही भीती अनेकांना असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याचा तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाफना मोटर्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. मात्र बँकेनं कारवाईत काही नियम मोडला असेल तर कर्जदार डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊ शकतो. आपल्याकडची प्रकरणं अहमदाबादला चालतात. जुन्या मालकाच्या नावानं तिथे अर्ज पडलाय का, हे ऑनलाइन तपासा आणि बँकेकडूनही लेखी उत्तर घ्या.

शेवटचं, किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएस कापावा लागतो. कुणाच्या पॅनवर कापायचा, तेही बँकेला लेखी विचारा. तोंडी उत्तर कितीही गोड असलं तरी पुढे ते दाखवता येत नाही.

वाडीचा_वाडा
मी वेगळं बोलतो, राग मानू नका. कुणाचं तरी घर आहे हे. कपाटावरचं प्लास्टिकही काढलं नव्हतं म्हणता, म्हणजे त्या माणसांना नीट राहायलाही मिळालं नाही. अशा घरात गणपती बसवताना मन लागेल का? आमच्या घरी आजोबा सांगायचे, लिलावातली वस्तू घरात आणू नये. मी आजही ते पाळतो.

मांजलपूरची_मीरा
वाडीचा_वाडा, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. आम्ही हरणी रोडला लिलावातलंच घर घेतलं, तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं. मग वकिलांनी समजावलं. घर विकून बँकेचं येणं आणि खर्च भागला की वर उरलेली रक्कम कायद्यानं जुन्या मालकाला परत द्यावी लागते. लिलावात कुणीच आलं नाही तर राखीव किंमत उतरवत जातात, व्याज मात्र चढत राहतं. त्यात त्या कुटुंबाचंच नुकसान आहे. रास्त बोली लावणारा माणूस त्यांचं काही हिरावून घेत नाही. आम्ही वास्तुशांत केली, आणि जुन्या मालकांच्या देवघरातली राहिलेली तसबीर बँकेमार्फत त्यांच्याकडे पोचवली.

आता कामाचं बोलते. अकोटा_गार्डन, लाइटबिल तपासा! आमच्या घराचं कनेक्शन थकबाकीमुळे कायमचं कापलेलं होतं आणि नवीन कनेक्शन मागितल्यावर जुनी बाकी समोर आली. लोक म्हणतात, बाकी मालकाची, घराची नव्हे. पण के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वीज कंपन्यांच्या बाजूनं निकाल दिला. जुनी बाकी भरल्याशिवाय कनेक्शन देणार नाही, अशी अट नियमांत असेल तर ती लिलावात घेणाऱ्यालाही लागू होते. ‘जसं आहे जिथं आहे’ या शब्दांचा खरा भार इथे जाणवतो.

रावपुरा_दस्तावेज
वकिली करतो, मालमत्तेचीच कामं जास्त. ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मला इथे ठामपणे सांगावंसं वाटतं, की ‘कागद नाहीत’ हे वाक्य फार ढोबळ आहे. फायलीत कागद नसणं वेगळं आणि तो कागद मुळातच कधी झालेला नसणं वेगळं. पहिल्या प्रकाराला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र एक पाऊलही पुढे टाकू नये. तुमची सगळी तपासणी हा फरक शोधण्यासाठी असली पाहिजे.

दस्तावेजापासून सुरू करा. बँकेकडे असलेली प्रत मूळ आहे की झेरॉक्स, ते बघा. गहाणखतासाठी बँक मूळ दस्तावेजच ठेवून घेते, म्हणजे तो त्यांच्याकडे असायलाच हवा. त्याची प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स-२ (नोंदणीचा उतारा) सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून मिळते, नोंदणी खात्याच्या गरवी पोर्टलवरही शोध घेता येतो. हा शोध फक्त या घरापुरता घेऊ नका, ज्या जमिनीवर स्कीम उभी आहे तिचाही घ्या. जमिनीचा ७/१२, हक्कपत्रकातल्या नोंदी आणि बिनशेतीचा हुकूम हे एनीआरओआरवर (जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर) आणि कलेक्टर कचेरीत सापडतं. दुसऱ्या कुणा बँकेचा बोजा आहे का, ते सरसाईच्या (देशभरच्या गहाणांच्या) नोंदवहीत थोडक्या फीमध्ये कळतं. एकाच घरावर दोन कर्जं काढलेली प्रकरणं मी हाताळली आहेत.

नकाशा आणि बीयू. भायली, सेवासी, बिल वगैरे गावं २०२० मध्ये महापालिकेत आली. त्यामुळे या पट्ट्यातल्या कित्येक स्कीमची रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) वुडाची, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाची, आणि बीयू महापालिकेची असते. एका कचेरीत ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले की लोक नाद सोडतात. दुसरीकडे जाऊन विचारा. त्याआधी घरबसल्या गुजरात रेराच्या (बिल्डरांवरच्या नियामकाच्या) संकेतस्थळावर स्कीमचं नाव टाका. मंजूर नकाशे, जमिनीच्या टायटलचा अहवाल आणि काम पूर्ण झालं असेल तर बीयूची प्रत बिल्डरनं तिथे चढवलेली असते.

अलॉटमेंट लेटर नसल्याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका. नोंदणीकृत दस्तावेज झाल्यावर त्याचं मोल उतरतं. पझेशन लेटर मात्र शोधाच, त्याचं कारण कुणीतरी वॉरंटीचा विषय काढला की सांगतो.

तरसाली_इंजिनिअर
काका, काढलाच विषय. माझ्या मते वॉरंटी संपली. बिल्डरनं घर विकलं पहिल्या मालकाला, करार त्याच्याशी. तुमचा बिल्डरशी संबंधच काय? बँक तर हात झटकूनच उभी आहे. त्यामुळे घर अगदी बिनवॉरंटीचं समजून तपासावं आणि दुरुस्तीचे पैसे बोलीतून वजा करावेत.

रावपुरा_दस्तावेज
तपासणीबद्दल एकमत. ‘संबंधच काय’ हे मात्र मान्य नाही. रेरा कायद्याच्या १४ (३) कलमाप्रमाणे, ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई. आता हा हक्क कुणाला? कायद्यात ‘अलॉटी’ची व्याख्या आहे. मूळ खरेदीदाराकडून पुढे विक्रीनं, हस्तांतरणानं किंवा अन्य मार्गानं ज्याच्याकडे ते घर आलं तोही अलॉटी आहे. भाडेकरू तेवढा वगळलाय. बँकेच्या लिलावात घेणारा ‘अन्य मार्गानं’ यात आरामात बसतो.

५ वर्षं मात्र पहिल्या मालकाला ताबा दिला त्या तारखेपासून मोजायची, तुम्ही घेतलंत तेव्हापासून नव्हे. म्हणूनच पझेशन लेटर हवं. ते नसेल तर बीयूची तारीख, पहिलं लाइटबिल, पहिलं वेरा (घरपट्टी) बिल यांवरून तारीख जवळपास सिद्ध करता येते.

तरसाली_इंजिनिअर
ही व्याख्या माहीत नव्हती, धन्यवाद. तरी व्यवहारात सांगतो, बिल्डर आधी ‘तुम्ही कोण’ हेच विचारणार. पत्र, मग स्मरणपत्र, मग गांधीनगरला रेराकडे तक्रार. तोवर पावसाळा येऊन जातो. हक्क आहे म्हणून तडा आपोआप बुजत नाही.

रावपुरा_दस्तावेज
ते खरं आहे. पण पत्रावर कलमाचा आकडा असला की बहुतेक बिल्डर पहिल्याच पत्रानंतर माणूस पाठवतात. त्यांच्या पुढच्या स्कीमही रेराकडेच जायच्या असतात.

तरसाली_इंजिनिअर
आता माझ्या प्रांतातलं लिहितो. ताई, पुन्हा आत जायची परवानगी मिळाली तर बरोबर कुणीतरी जाणकार न्या आणि दिवसाउजेडी जा.

आपल्याकडच्या पुष्कळ भागात काळी माती आहे. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया पुरेसा खोल नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत घर बोलू लागतं. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरके निघालेले तडे बघा. गिलाव्याचे केसासारखे बारीक तडे सगळ्याच नव्या घरांत असतात, त्यांना घाबरू नका. तिरका तडा नाण्याची कड आत जाईल एवढा रुंद असेल आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बोली नको. कंपाउंडची भिंत घरापासून सुटलीय का, अंगणातली फरशी खचलीय का, तेही बघा. दोष तिथे आधी दिसतो.

दुसरं म्हणजे बंद घराचे आजार. वापर नसला की न्हाणीघरातल्या जाळ्यांखालचं पाणी सुकतं, मग गटाराचा वास आणि झुरळं वर येतात. त्यानं दचकू नका, बादलीभर पाणी ओतलं की थांबतं. वाळवी मात्र गंभीर. चौकटींच्या तळाशी आणि किचनच्या कपाटांच्या मागे टॉर्च मारा, मातीच्या रेघा दिसल्या तर लाकूड ठोकून बघा. पंप बरेच दिवस न फिरल्यानं जाम झालेला असू शकतो. नळांचे वॉशर कडक होतात. हे सगळं किरकोळ.

गच्ची खरी तपासायला पाणी भरून एक-दोन दिवस ठेवावं लागतं, बँक तेवढं करू देणार नाही. मग वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे आणि पाइप खाली उतरतो ती जागा बघा. पांढरी भुकटी फुलून आली असेल तर पाणी मुरतंय.

शेवउसळ_जादा_तर्री
सगळ्यात आधी पुराचं विचारा हो! ऑगस्ट २०२४ विसरलात का? विश्वामित्री नदीनं अर्धं शहर पाण्यात घातलं होतं. नव्या घराच्या भिंती रंगवल्या की खूण दिसत नाही.

वाडीचा_वाडा
आमच्या मावशीकडे समा भागात तेव्हा पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी. फ्रिज तरंगत होता. आजवा धरणाचं पाणी किती फुटांवर आलं, हे दर दोन तासांनी सगळं शहर एकमेकांना विचारत होतं.

मांजलपूरची_मीरा
आणि ३१ जुलै २०१९ पण! एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस. आम्ही तेव्हा गच्चीवर स्टोव्ह नेऊन खिचडी केली होती, खालच्या तीन घरांना पुरली.

प्रतापनगर_स्टेशन
त्या खिचडीत मीही होतो की काय असं वाटतंय, कारण आमच्या शेजारणीनं अगदी अशीच पोचवली होती. मीराताई, मांजलपूरला कुठे तुम्ही?

मांजलपूरची_मीरा
तेव्हा आम्ही भाड्यानं कारेलीबागेत होतो. म्हणजे ती दुसरी खिचडी. शहरात त्या दिवशी खूप पातेली चढली होती!

तरसाली_इंजिनिअर
पुराची खूण रंगानं झाकते, पण विजेच्या बोर्डात राहते. खालच्या मजल्यावरचा एखादा खालचा स्विचबोर्ड उघडून बघा. आत बारीक गाळ किंवा गंजलेले स्क्रू असतील तर पाणी आलं होतं. मीटरपेटीचंही तसंच. शेजाऱ्यांना तर विचाराच. पाणी कुठपर्यंत आलं होतं हे ते हातानं दाखवतील, त्याहून खरा दाखला दुसरा नाही.

इंदूरकर_सराफा
आम्ही इंदूरला बायपासकडे बँकेच्या लिलावातला फ्लॅट घेतला. तुमच्याकडचे सगळे शब्द वेगळे, त्रास तोच. आमच्या फायलीत डायव्हर्शनचा (जमीन बिनशेती केल्याचा) कागद नव्हता. एक गोष्ट कामी आली ती सांगतो. त्याच इमारतीतल्या ज्या माणसानं अलीकडेच दुसऱ्या बँकेचं गृहकर्ज घेतलंय त्याला भेटलो. त्याच्या बँकेनं कर्ज देताना बिल्डरकडून सगळे कागद गोळा केलेले होते, त्यानं संपूर्ण संच झेरॉक्स काढायला दिला. जमीन, नकाशा, परवानगी, सगळ्यांना सामाईक. आपल्या घराचा असा फक्त दस्तावेज असतो.

रावपुरा_दस्तावेज
इंदूरकर, लाख बोललात. मी हे लिहायला हवं होतं. त्या रांगेतले शेजारी हेच सगळ्यात जवळचं दफ्तर.

गोत्री_सोलर
सोलरचा धंदा आहे म्हणून त्यापुरतं लिहितो. वॉरंटी कार्ड नसलं तरी घाबरू नका. इन्व्हर्टरच्या बाजूला आणि प्रत्येक पॅनेलच्या मागे सिरियल नंबर असतो. त्याचे फोटो काढा. कंपनीकडे वॉरंटीची नोंद बहुधा नंबरावर असते, माणसावर नाही. इन्व्हर्टर चालू करायला मिळाला तर आतापर्यंत किती युनिट बनले तो आकडा स्क्रीनवर दिसतो, त्यावरून बसवल्याचा काळ कळतो.

पीएम सूर्यघर योजनेत बसवलं असेल तर ज्यानं बसवलं त्याला ५ वर्षं देखभाल करायचीच आहे. सबसिडी, ३ किलोवॅट आणि वरच्याला ७८ हजार, पहिल्या ग्राहकाला मिळून गेलेली असते, ती पुन्हा मिळणार नाही. बसवणाऱ्याचं नाव खांबावर किंवा डीसी बॉक्सवर स्टिकरनं लावलेलं असतं. आणि लक्षात घ्या, नेट मीटरचा करार वीज कनेक्शनच्या नावावर असतो. कनेक्शन कायमचं कापलं गेलं असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही, सोलरचा अर्जही नव्यानं करावा लागतो. पॅनेल तेच चालतात.

वाडीचा_वाडा
एक विचारू का सगळ्यांना? इतके कागद, इतकी धावपळ, त्यापेक्षा दहा-बारा लाख जास्त देऊन सरळ माणसाकडून सरळ घर का घेऊ नये? मनाची शांती म्हणूनही काही असतं.

निवृत्त_बँकवाला
रास्त प्रश्न. ज्याच्याकडे वेळ नाही, किंवा ज्याचं सगळं गणित कर्जावर उभं आहे, त्यानं खरंच घेऊ नये. पण एक सांगतो. ही सगळी तपासणी ‘सरळ माणसाकडून’ घेतानाही करायलाच हवी. तिथे आपण चहा पिऊन भिडेखातर करत नाही, एवढाच फरक.

अकोटा_गार्डन
सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही सांगितलं तसं एकेक करत गेलो, आता जे हाती आलं ते लिहिते.

रेराच्या संकेतस्थळावर स्कीम सापडली. नकाशे मिळाले, बीयूही मिळाली. काका म्हणाले तसंच, रजाचिठ्ठी वुडाची, बीयू महापालिकेची. सासऱ्यांनी चष्मा लावून शिक्का वाचला आणि पहिल्यांदाच ‘बघू’ म्हणाले. शेजारच्या घरातल्या काकूंनी इंदूरकरांनी सांगितला तसा पूर्ण संच दिला, वर चहाही पाजला. पाणी रस्त्यापर्यंत आलं होतं, ओट्याच्या वर नाही, असं रांगेतल्या तिन्ही घरांनी वेगवेगळं विचारूनही सारखंच सांगितलं. खालचा बोर्ड उघडला, आत स्वच्छ आहे.

पण एक गोष्ट खटकतेय. लिलावाच्या नोटिशीत युनिट नंबर २३ लिहिलाय, फाटकावर २२ आहे. मंजूर नकाशात ज्या जागी हे घर आहे तिथेही २२ च दिसतो. बँकेचे अधिकारी म्हणाले, टायपिंगची चूक असेल, घर हेच आहे.

रावपुरा_दस्तावेज
इथे थांबा! या धाग्यात आत्तापर्यंत जे जे आलं त्यात हे सगळ्यात मोठं आहे. दस्तावेजात कुठला नंबर आहे? फायनल प्लॉट आणि सब-प्लॉट कुठला? आणि मुख्य म्हणजे चतुःसीमा वाचा. पूर्वेला काय, पश्चिमेला काय. नंबर चुकू शकतो, पण ‘उत्तरेला सोसायटीचा रस्ता, दक्षिणेला युनिट २१’ असं लिहिलं असेल तर घर पक्कं होतं.

सेल सर्टिफिकेटमध्ये (बँक देते त्या विक्रीच्या दाखल्यात) नोटिशीतलंच वर्णन उतरतं. उद्या कागदावर तुम्ही २३ चे मालक आणि राहता २२ मध्ये, असं झालं तर दोन्ही घरांचा घोळ होईल. टायपिंगची चूक असेल तर बँकेला शुद्धिपत्रक काढायला फार त्रास नाही. ते प्रसिद्ध होईपर्यंत अनामत भरू नका.

निवृत्त_बँकवाला
वकीलसाहेबांशी शंभर टक्के सहमत. शाखेत बोलत बसू नका, नोटिशीखाली ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे त्यांना ईमेल करा. नकाशा आणि दस्तावेजाचं ते पान जोडा. त्यांनाही दुरुस्ती हवीच असते, चुकीच्या वर्णनावर झालेली विक्री पुढे त्यांच्याच अंगावर येते.

तरसाली_इंजिनिअर
आणि खरं घर २३ असेल तर? म्हणजे बँकेनं चुकीच्या दाराला सील लावलं असेल तर? नुसती कल्पना करूनच घाम फुटतो.

अकोटा_गार्डन
चतुःसीमा जुळल्या! दस्तावेजात २२ च आहे, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला २१. बँकेनं ईमेलला उत्तर दिलं, शुद्धिपत्रक दोन वर्तमानपत्रांत आलं आणि लिलावाची तारीख पुढे गेली. कर्जाची तत्त्वतः मंजुरीही तोवर हातात येईल. डीआरटीत त्या नावानं काही सापडलं नाही, बँकेनंही तसं लिहून दिलंय.

आता दोन प्रश्न उरलेत. सेल सर्टिफिकेटची नोंदणी करावीच लागते का? आणि मीटरवरचा ग्राहक क्रमांक टाकून पाहिला तर ४१ हजारांची बाकी दिसतेय. कनेक्शन सध्या तात्पुरतं बंद आहे, कायमचं नाही. सोसायटीचा मेंटेनन्सही थकलाय म्हणे, आकडा अजून देत नाहीत.

रावपुरा_दस्तावेज
प्राधिकृत अधिकाऱ्यानं दिलेल्या सेल सर्टिफिकेटची नोंदणी सक्तीची नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय. तरी माझा आग्रह आहे की करून घ्याच. इंडेक्स-२ मध्ये तुमचं नाव आलं नाही तर पुढे विकताना समोरच्याचा वकील तिथेच अडेल, आणि तुमचं गृहकर्ज देणारी बँकही मागेलच. गुजरातेत मुद्रांक ४.९ टक्के आणि नोंदणी फी १ टक्का. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ती १ टक्का फी माफ आहे. ताई, घरी हा मुद्दा जरूर मांडा.

सर्टिफिकेट हातात पडायच्या आधी मसुदा मागून वाचा. बोजा असेल तर त्याचा उल्लेख त्यात असावा लागतो. आणि मूळ दस्तावेज तुमच्याकडे सोपवल्याची यादी बँकेच्या शिक्क्यानिशी घ्या, सरसाईतला त्यांचा बोजा उतरवल्याचाही पुरावा घ्या.

वाडीचा_वाडा
माझं मत मी बदललेलं नाही, मी असं घर घेणार नाही. पण तुम्ही ज्या रीतीनं एकेक गोष्ट तपासलीत ते बघून बरं वाटलं. मिळालं तर वास्तुशांतीला बोलवा, मी नक्की येईन.

मांजलपूरची_मीरा
बाकीबद्दल मी सांगते. ४१ हजारांचा आकडा आजचा आहे, त्यावर विलंब आकार चढत राहतो, तेव्हा थोडा वाढवून धरा. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, ‘अमुक तारखेपर्यंतची या युनिटची एकूण बाकी कळवावी’ असा. तोंडी विचारलं की टाळतात, अर्जाची पोच घेतली की उत्तर येतं. महापालिकेचा वेरा ऑनलाइन दिसतो, तो वॉर्ड ऑफिसमध्येही जाऊन पडताळा, कारण भायलीसारख्या नव्यानं आलेल्या भागात घराची आकारणी उशिरा होऊन मागच्या वर्षांचं बिल एकदम येऊ शकतं.

हे तिन्ही आकडे, मुद्रांक, नोंदणी आणि इंजिनिअरदादांनी सांगितलेली दुरुस्ती, सगळं एका कागदावर मांडा आणि तुमच्या कमाल बोलीतून वजा करा. जो आकडा येईल तो लिलावाच्या दिवशी यजमानांच्या समोर टेबलावर ठेवा. शेवटच्या मिनिटांत बोली पाच-पाच मिनिटांनी लांबत जाते आणि हात थांबत नाही. आमच्याकडे आकडा लिहिलेला कागद माझ्या हातात होता, बटण त्यांच्या.

अकोटा_गार्डन
मीराताई, आमच्याकडे बटण माझ्या हातात राहील, कागद सासऱ्यांकडे. सोसायटीला उद्याच अर्ज देते.